बटण दोनदा दाबले तरी काम एकदाच

५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशिम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यात, पोहरादेवी येथे, पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या दौऱ्यात बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. त्याच दिवशी वाशिममधून प्रधानमंत्री किसान सन्मान निधीचा अठरावा हप्ता देशभर वितरित झाला. सुमारे ९ कोटी ४० लाख शेतकरी, प्रत्येकी २,००० रुपये. राज्य सरकारच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचा पाचवा हप्ताही, सुमारे २,००० कोटी रुपयांचा, त्याच कार्यक्रमात सुटला. ऑक्टोबर म्हणजे वऱ्हाडात सोयाबीनच्या सोंगणीचे दिवस. मजुरी रोख द्यावी लागते, हरभऱ्याचे बियाणे डोळ्यांसमोर असते. अशा वेळी मोबाइलवर खात्यात पैसे जमा झाल्याचा मेसेज येतो, तेव्हा घरात त्याची दखल घेतली जाते.

या साऱ्या व्यवहारात संगणकाकडून अपेक्षा एकच असते. प्रत्येक खात्यात हप्ता एकदा जमा व्हावा. राहून जाऊ नये आणि दोनदाही पडू नये. राहून गेला तर त्या घरची पेरणी अडते. सगळ्यांना दोनदा गेला तर सरकारी तिजोरीतून आणखी १८,८०० कोटी रुपये बाहेर पडतात आणि मग ते गावोगाव जाऊन वसूल कसे करायचे, हा प्रश्न उरतो.

हे केवळ कल्पनेतले संकट नाही. २५ डिसेंबर २०२१ रोजी, ऐन नाताळात, ब्रिटनमधल्या सांतांदेर बँकेने सुमारे २,००० व्यावसायिक खातेदारांची देणी दोनदा चुकती केली. कुणाचा पगार होता, कुणाचे पुरवठ्याचे बिल. असे सुमारे ७५,००० व्यवहार दुसऱ्यांदा झाले आणि बँकेचे स्वतःचे १३ कोटी पौंड भलत्याच खात्यांत जाऊन बसले, त्यांतली कित्येक खाती तर दुसऱ्या बँकांमध्ये. वेळापत्रकाप्रमाणे आपोआप चालणारे एक काम दोनदा चालले, एवढेच कारण. शतकभराहून अधिक काळ बँकिंगचा अनुभव असलेल्या देशात ही गत होते, तर साध्या वाटणाऱ्या या अटीकडे नीट लक्ष द्यायलाच हवे.

तिचे छोटे रूप प्रत्येक गावातल्या सेवा केंद्रात दिसते. जुलै महिना, पीक विम्याच्या मुदतीचे शेवटचे दिवस. २०२३ च्या खरिपात राज्य सरकारने एक रुपयात पीक विमा दिला आणि महाराष्ट्रातून सुमारे १ कोटी ७० लाख अर्ज आले. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा, मानोरा या सहाही तालुक्यांत सोयाबीन हेच मुख्य पीक, त्यामुळे गर्दीही त्याच पिकाची. सातबारा, आठ अ, बँकेचे पासबुक, आधार, पेरणीचे स्वयंघोषणापत्र असे सगळे जोडून झाले, केंद्रचालकाने ‘सबमिट’ दाबले आणि पडद्यावर गोल फिरू लागले. ते फिरतच राहिले. बाहेर रांगेत वीस माणसे. अशा वेळी पुन्हा बटण दाबले जाणे ही कुणाची बेपर्वाई नव्हे. समोरून काहीच उत्तर येत नसेल तर माणूस पुन्हा हाक मारतोच.

पण संगणकाला ही पुन्हा मारलेली हाक आहे हे कळत नाही. त्याच्या लेखी ती नवी आज्ञा असते. पान लिहिणाऱ्याने बंदोबस्त केला नसेल, तर दुसऱ्या दाबाबरोबर दुसरा अर्ज निघतो. एकाच शेताचे, एकाच पिकाचे दोन अर्ज तपासणीत समोर आले की त्यातला खरा कोणता हे ठरवण्यात वेळ जातो आणि नुकसान भरपाईच्या वेळी त्याची झळ शेतकऱ्यालाच बसते. म्हणून ‘एकदाच’ ही अट पाळणारी चार ओळींची आज्ञावली कशी लिहितात, ती कुठे पुरते आणि कुठे पुरत नाही, हे शेतकऱ्याने आणि केंद्रचालकाने जाणून घेण्यात अर्थ आहे. वाशिम, कारंज्याच्या महाविद्यालयांत संगणक शिकणाऱ्या मुलामुलींनी तर ते जाणलेच पाहिजे, कारण उद्या अशी पाने तेच लिहिणार आहेत.

वेबपानावरचे बटण दाबल्यावर काय घडावे, हे सांगणारी भाषा म्हणजे जावास्क्रिप्ट. ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप कंपनीत असताना मे १९९५ मध्ये तिचा पहिला आराखडा दहा दिवसांत उभा केला. आज मोबाइलमधल्या आणि संगणकातल्या जवळपास प्रत्येक ब्राउझरमध्ये ती चालते. बँकेचे पान असो, रेल्वेचे तिकीट असो की योजनेचा अर्ज, दिसणाऱ्या बटणामागे बहुधा जावास्क्रिप्टचे एखादे फंक्शन उभे असते. फंक्शन म्हणजे नाव दिलेले काम. नाव घेतले की काम होते, आणि जितक्या वेळा नाव घ्याल तितक्या वेळा होते. हा त्याचा मूळ स्वभाव आहे. हिशेबाच्या, चित्र काढण्याच्या, यादी लावण्याच्या कामांत तोच हवा असतो. पैसे पाठवण्याच्या कामात तो आवरावा लागतो.

आवर घालण्याची युक्ती सोपी आहे. फंक्शनजवळ एक छोटी नोंद ठेवायची, तिचे नाव समजा ‘झाले’. सुरुवातीला तिच्यात ‘नाही’ लिहिलेले. बटण दाबले की फंक्शन आधी ही नोंद वाचते. ‘नाही’ दिसले तर ती ‘होय’ करते आणि मग अर्ज पाठवते. ‘होय’ दिसले तर काहीही न पाठवता परत फिरते. बस, एवढेच.

मतदान केंद्रावरच्या शाईचे काम अगदी असेच चालते. २६ एप्रिल २०२४ रोजी लोकसभेसाठी वाशिम आणि कारंजा विधानसभा क्षेत्रांनी यवतमाळ-वाशिम मतदारसंघात मतदान केले, रिसोडने अकोला मतदारसंघात. दोन्हीकडे मतदारांच्या डाव्या तर्जनीवर जी शाई लागली ती म्हैसूरच्या मैसूर पेंट्स अँड वार्निश या सरकारी कारखान्यातली. १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून ती वापरात आहे. तिच्यातले सिल्व्हर नायट्रेट कातडीवर बसले की धुऊन जात नाही. आता त्या खोलीतला क्रम आठवून पाहा. यादीत नाव सापडते, मग शाई लागते, आणि त्यानंतर मतदार यंत्राकडे जातो. खूण आधी, काम नंतर. जावास्क्रिप्टमध्येही हाच क्रम लागतो आणि नवखे प्रोग्रामर नेमके इथेच अडखळतात. ते आधी अर्ज पाठवतात आणि सर्व्हरकडून उत्तर आल्यावर ‘झाले’ची नोंद ‘होय’ करतात. उत्तर यायला आठ सेकंद लागले तर त्या आठ सेकंदांत नोंद अजून ‘नाही’च असते. तेवढ्या वेळात तीनदा बटण दाबले की तीन अर्ज जातात. घरी वेगवान इंटरनेटवर तपासताना ही चूक दिसतही नाही. ती दिसते गावात, जिथे रेंज एका रेषेवर आलेली असते.

याच ठिकाणी जावास्क्रिप्टचा एक गुण कामी येतो. एका पानावरचे तिचे काम एका वेळी एकाच धाग्यात चालते, दोन फंक्शने एकाच क्षणी धावत नाहीत. त्यामुळे नोंद वाचणे आणि ती बदलणे ही दोन पावले लागोपाठ टाकली, मध्ये कशाचीही वाट पाहिली नाही, तर दुसरा दाब त्यांच्या मध्ये शिरू शकत नाही. अनेक धागे एकाच वेळी चालवणाऱ्या भाषांना हे सुख नाही. त्यांत दोन धागे एकाच क्षणी ‘नाही’ वाचू शकतात, म्हणून गो भाषेने ‘सिंक वन्स’ आणि सी प्लस प्लसने २०११ पासून ‘कॉल वन्स’ अशी खास साधने भाषेसोबतच दिली आहेत.

पुढचा प्रश्न, ‘झाले’ ही नोंद ठेवायची कुठे? पानावर सगळ्यांना दिसेल अशा जागी ठेवली तर पानातला दुसरा एखादा कोड तिला हात लावू शकतो. मोठ्या पोर्टलवर दहा जणांनी लिहिलेला कोड एकत्र चालत असतो आणि ‘झाले’सारखे नाव दुसऱ्यानेही वापरलेले असू शकते. यावर जावास्क्रिप्टकडे सुंदर उपाय आहे, त्याला क्लोजर म्हणतात. एक बाहेरचे फंक्शन लिहायचे, त्याच्या पोटात ‘झाले’ची नोंद आणि आतले फंक्शन ठेवायचे. बाहेरचे फंक्शन आतल्याला बाहेर पाठवते आणि स्वतः संपते. तरी आतल्या फंक्शनला ती नोंद आठवत राहते, आणि त्याच्याशिवाय दुसरे कुणी तिच्यापर्यंत पोहोचू शकत नाही. हा विचार आइक यांनी स्कीम या जुन्या भाषेतून घेतला. नेटस्केपने त्यांना मुळात ब्राउझरमध्ये स्कीम आणण्याचे सांगूनच नोकरीवर बोलावले होते. भाषेचे बाह्यरूप पुढे जावासारखे करावे लागले, पण हा गाभा टिकला, आणि दहा दिवसांत उभ्या राहिलेल्या भाषेला तीस वर्षांचे आयुष्य देण्यात त्याचा वाटा मोठा आहे.

प्रत्येकाने हे पुन्हा पुन्हा लिहायची गरज पडू नये म्हणून तयार साधने आली. २००९ मध्ये जेरेमी अ‍ॅश्केनास यांनी प्रसिद्ध केलेल्या अंडरस्कोर या संग्रहात ‘वन्स’ नावाचे फंक्शन मिळते. त्याला आपले फंक्शन द्यायचे, ते एकदाच चालणारी त्याची आवृत्ती परत देते. त्याची आतली रचना पाहण्यासारखी आहे. तिथे ‘बिफोर’ नावाचे दुसरे फंक्शन आहे. ठरावीक संख्येच्या आतल्या हाकांनाच ते काम करू देते, आणि ‘वन्स’ म्हणजे फक्त ‘दुसऱ्या हाकेच्या आधीपर्यंत’. पहिली हाक पूर्ण झाली की मूळ फंक्शनचा दुवाच तोडून टाकला जातो. जावास्क्रिप्टच्याच जेक्वेरी या संग्रहात ‘वन’, ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोड जेएसमध्ये ‘वन्स’ अशी त्याची भावंडे आहेत. २०१६ च्या अखेरीस फायरफॉक्स आणि क्रोम या ब्राउझरांनीही सोय दिली. बटणावर लक्ष ठेवणारा इव्हेंट लिसनर नोंदवताना ‘वन्स’ खरे आहे असे लिहिले की पहिल्या दाबानंतर ब्राउझर स्वतःच तो काढून टाकतो.

मात्र ही शेवटची सोय अर्जाच्या बटणाला डोळे झाकून लावू नये. आधार क्रमांकात एक आकडा कमी पडला, पानाने चूक दाखवली, केंद्रचालकाने आकडा दुरुस्त करून पुन्हा बटण दाबले, आणि काहीच झाले नाही. कारण पहिल्या दाबाबरोबर लिसनर निघून गेलेला असतो. आता पान नव्याने उघडायचे आणि सातबाऱ्यापासून सगळे पुन्हा भरायचे. ‘एकदाच’ या शब्दाचा अर्थ ‘एकदाच दाबता येईल’ असा घेतला की ही वेळ येते. शेतकऱ्याला हवे असते ते ‘एकदाच दाखल होईल’.

म्हणून अपयशाचा विचार करावाच लागतो. अर्ज पाठवला आणि नेट तुटले तर? ‘झाले’ची नोंद ‘होय’ झालेली असते आणि अर्ज पोहोचलेला नसतो. चांगला प्रोग्रामर इथे ‘होय’, ‘नाही’ यांच्या जागी प्रॉमिस जपून ठेवतो. प्रॉमिस म्हणजे सुरू झालेल्या पण अजून न संपलेल्या कामाचा धागा. काम चालू असताना दुसऱ्यांदा बटण दाबले तर नवे काम सुरू होत नाही, तोच धागा हाती दिला जातो. काम यशस्वी झाले तर तेच उत्तर दोघांनाही मिळते. काम फसले तर धागा टाकून दिला जातो आणि पुन्हा प्रयत्न करायला दार मोकळे होते.

यातली एक गोष्ट फार मोलाची आहे. दुसऱ्यांदा विचारणाऱ्याला पहिल्याचेच उत्तर मिळते. अंडरस्कोरचे ‘वन्स’ही तसेच वागते, पहिल्या वेळचा निकाल जपून ठेवते आणि नंतरच्या प्रत्येक हाकेला तोच परत देते. योजनेच्या अर्जात याचा अर्थ असा की घाईत दोनदा बटण दाबणाऱ्या माणसाला लाल अक्षरांतली तंबी मिळू नये. त्याला तीच पावती, त्याच अर्ज क्रमांकासह मिळावी. दुसऱ्या दाबाला ‘आपला अर्ज आधीच अस्तित्वात आहे’ एवढेच सांगून गप्प बसणारी पाने माणसाला घाबरवतात. तो अर्ज कुणी भरला, कधी भरला, त्याचा क्रमांक काय, हे तो कुणाला विचारणार?

इथवरचे सगळे उपाय एका पानाच्या आतले झाले. पान रिफ्रेश केले की जावास्क्रिप्टची स्मृती पुसली जाते आणि ‘झाले’ पुन्हा ‘नाही’ होते. ब्राउझरच्या लोकल स्टोरेजमध्ये नोंद ठेवली तर ती रिफ्रेशनंतर टिकते, पण त्याच एका ब्राउझरपुरती. शेतकऱ्याने सकाळी शेलूबाजारच्या केंद्रावर अर्ज भरला, पावती निघाली नाही म्हणून दुपारी मंगरुळपीरला जाऊन पुन्हा भरला, तर दुसऱ्या संगणकाला पहिल्याची काहीच कल्पना नसते. मतदाराच्या बोटावरची शाई त्याच्यासोबत फिरते. ब्राउझरमधली खूण त्या टेबलावरच राहते.

त्याहून अवघड गोष्ट वेगळीच आहे. अर्ज पाठवल्यावर उत्तर आले नाही, तर दोनपैकी एक घडलेले असते. एक तर अर्ज सर्व्हरपर्यंत पोहोचलाच नाही. किंवा तो पोहोचला, नोंदला गेला आणि परत येणारे उत्तर वाटेत हरवले. पाठवणाऱ्याच्या पडद्यावर दोन्ही सारखेच दिसते, तेच फिरणारे गोल. कितीही हुशार जावास्क्रिप्ट लिहिली तरी ब्राउझरला यातले खरे कोणते हे आपल्या जागेवरून कळू शकत नाही. संगणकशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकातच हे सिद्ध केले की बेभरवशाच्या वाहिनीवरून बोलणाऱ्या दोन पक्षांना एकमेकांच्या माहितीबद्दल पूर्ण खात्री करून घेता येत नाही. मग करायचे काय? पुन्हा पाठवायचेच, पण असे की पुन्हा पाठवण्याने काही बिघडू नये. त्यासाठी खूण सर्व्हरवर, जिथे प्रत्यक्ष नोंदवही आहे तिथे हवी.

महाराष्ट्राच्या दोन कर्जमाफींची गोष्ट इथे सांगितली पाहिजे. २४ जून २०१७ रोजी राज्य सरकारने छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर केली. ३४,०२२ कोटींचा आकडा, दीड लाखापर्यंत माफी आणि ऑनलाइन अर्ज सक्तीचा. विदर्भातल्या गावांत सेवा केंद्रांपुढे रात्री उशिरापर्यंत रांगा लागल्या. पुढे याद्यांची छाननी सुरू झाली तेव्हा बँकांकडून आलेल्या माहितीत एकाच आधार क्रमांकापुढे अनेक शेतकऱ्यांची नावे असल्याच्या बातम्या आल्या आणि काम लांबत गेले. ज्या क्रमांकावरून माणूस ओळखायचा तोच क्रमांक चुकीचा भरलेला असेल, तर सर्व्हरवरची खूणही आंधळी होते. मग ती दोघांना एक समजते, किंवा एकाला दोन.

डिसेंबर २०१९ मध्ये आलेल्या महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत पद्धत बदलली. शेतकऱ्याला अर्ज भरायचाच नव्हता. ३० सप्टेंबर २०१९ रोजी थकीत असलेल्या दोन लाखांपर्यंतच्या पीककर्जाची माहिती बँकांनी द्यायची होती. २४ फेब्रुवारी २०२० पासून याद्या लागल्या, त्यांत प्रत्येक कर्जखात्यासमोर एक विशिष्ट क्रमांक होता. शेतकऱ्याने तो क्रमांक आणि आधार घेऊन केंद्रावर जायचे, अंगठा लावून रक्कम बरोबर असल्याचे सांगायचे. संगणकाच्या दृष्टीने यातली सगळ्यात शहाणी गोष्ट म्हणजे तो विशिष्ट क्रमांक. प्रमाणीकरणाच्या मध्येच वीज गेली, दुसऱ्या दिवशी पुन्हा अंगठा लावला, तरी क्रमांक तोच राहतो. अशा क्रमांकाला बांधलेले काम कितीदाही सुरू करा, नोंद एकाच ओळीत पडते.

जगभरच्या पैशांच्या व्यवहारांतही हाच उपाय वापरतात. स्ट्राइप ही पैसे भरून घेणारी कंपनी आपल्या ग्राहक-कंपन्यांना प्रत्येक विनंतीसोबत एक न बदलणारी किल्ली पाठवायला सांगते. तीच किल्ली पुन्हा आली की नवा व्यवहार होत नाही, पहिल्या व्यवहाराचेच उत्तर परत जाते. डेटाबेसमध्ये त्या रकान्यावर ‘युनिक’ बंधन घालतात, म्हणजे तीच किल्ली दुसऱ्यांदा लिहायला डेटाबेसच नकार देतो. अर्जाच्या पानावर ही किल्ली कधी तयार करायची याचे उत्तर नेमके द्यायला हवे. अर्ज उघडताना एकदा. बटण दाबताना तयार केली तर प्रत्येक दाबाला नवी किल्ली निघेल आणि सारा खटाटोप वाया जाईल.

किल्ली कशाची करायची, हा मात्र निव्वळ तांत्रिक प्रश्न नाही. त्यासाठी गाव माहीत असावे लागते. मोबाइल क्रमांकाला किल्ली केले, तर ज्या वस्तीत एकाच शिकलेल्या मुलाचा क्रमांक चार घरांच्या अर्जांवर लिहिलेला असतो तिथे तीन घरे बाहेर राहतील. नाव आणि गाव मिळून किल्ली केली, तर मानोरा तालुक्यातल्या तांड्यांवर काय होईल? राठोड, चव्हाण, जाधव, पवार ही आडनावे घरोघरी, आणि तीच नावे भावकीत पुन्हा पुन्हा येणारी. नुसता आधार क्रमांक घेतला, तर ज्या शेतकऱ्याची दोन गटांत दोन पिके आहेत त्याचा दुसरा रास्त अर्ज अडेल. पीक विम्यासाठी शेतकरी, गट क्रमांक, पीक आणि हंगाम असे चारही मिळून ‘एक’ ठरते. हप्त्यासाठी लाभार्थी आणि हप्त्याचा क्रमांक पुरेसे. ‘एकदाच’ म्हणताना एक म्हणजे काय, हे आधी ठरवावे लागते, आणि ते ठरवणाऱ्या माणसाने निदान एकदा जुलैच्या शेवटच्या आठवड्यात सेवा केंद्रात उभे राहायला हवे.

यूपीआयने पैसे देणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. समृद्धी महामार्गावरून उतरून कारंज्यात चहा घेतला, पैसे पाठवले, दुकानदाराचा स्पीकर बोललाच नाही. अशा वेळी लगेच दुसऱ्यांदा पाठवण्याआधी अ‍ॅपमधल्या व्यवहारांच्या यादीत जाऊन पाहावे. तिथे ‘प्रलंबित’ असेल तर थांबावे. दुसऱ्यांदा क्यूआर स्कॅन करून पिन टाकला की तो खरोखरच वेगळा व्यवहार होतो, त्याचा संदर्भ क्रमांक वेगळा असतो आणि बँक त्याला चूक मानत नाही. एका व्यक्तीने दुसरीला पैसे पाठवताना खात्यातून रक्कम गेली आणि समोरच्या खात्यात पोहोचली नाही, तर ती फार तर पुढच्या दिवसापर्यंत आपोआप परत यावी, उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळावी, असा रिझर्व्ह बँकेचा २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकातला नियम आहे. दुकानदाराला दिलेल्या पैशांसाठी ही मुदत पाच दिवसांची आहे.

सर्व्हरवर पक्की खूण असेल तर ब्राउझरमधल्या ‘वन्स’ची गरजच काय, असे कुणी विचारेल. गरज आहे, कारण तो समोरच्या माणसाशी बोलतो. बटण दाबल्याबरोबर ते फिके पडावे, त्यावर ‘अर्ज पाठवला जात आहे, थांबा’ असे मराठीत यावे, वीस सेकंदांत उत्तर नाही आले तर ‘अर्ज पोहोचला की नाही ते तपासत आहोत’ असे दिसावे. हे सगळे जावास्क्रिप्टच करू शकते. नुसते फिरणारे गोल दाखवून माणसाला ताटकळत ठेवायचे आणि त्याने पुन्हा बटण दाबले की दोष त्याच्यावर टाकायचा, हे बरे नव्हे. सर्व्हरवरचे ओझेही याने हलके होते. मुदतीच्या शेवटच्या रात्री प्रत्येकाने तीनदा बटण दाबले आणि प्रत्येक दाब सर्व्हरपर्यंत गेला, तर तिप्पट गर्दीने तो आणखी मंदावतो, आणि मंदावला की लोक आणखी दाबतात.

जावास्क्रिप्ट शिकणाऱ्यांना एक गोंधळ हमखास भेटतो. पाने बांधण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या रिअ‍ॅक्ट या जावास्क्रिप्ट-संग्रहाच्या मार्च २०२२ मध्ये आलेल्या अठराव्या आवृत्तीत, कोड लिहिण्याच्या काळात ‘स्ट्रिक्ट मोड’ चालू असेल, तर पान उघडताना चालणारे काही काम मुद्दाम दोनदा चालवले जाते. अनेक मुले हा दोष समजून तो मोडच बंद करतात. खरे तर ती आगाऊ घेतलेली परीक्षा आहे. दोनदा चालल्यावर बिघडणारा कोड गावातल्या नेटवर्कवर कधी ना कधी बिघडणारच असतो. तो आपल्या टेबलावरच उघडा पडलेला बरा.

स्वतः लिहिलेल्या पानाची परीक्षा घ्यायला मोठी सामग्री लागत नाही. क्रोममध्ये डेव्हलपर साधने उघडावीत, नेटवर्कच्या खिडकीत वेग मुद्दाम कमी करावा आणि सबमिट बटण भराभर दहा वेळा दाबावे. मग उत्तर येण्याआधीच टॅब बंद करून पुन्हा उघडावा आणि तोच अर्ज पाठवावा. मग दोन टॅबमध्ये एकच अर्ज उघडून दोन्हीकडून पाठवावा. मग मोबाइलवरून. मध्येच वायफाय तोडून पाहावे. आधार क्रमांक आधी चुकीचा भरून, नंतर दुरुस्त करून पाठवावा. एवढे झाल्यावर डेटाबेस उघडून त्या शेतकऱ्याच्या, त्या गटाच्या, त्या पिकाच्या ओळी मोजाव्यात. एकच ओळ असेल आणि प्रत्येक वेळी हाती तोच अर्ज क्रमांक आला असेल, तर ते पान जुलैच्या शेवटच्या रात्री मानोऱ्याच्या केंद्रचालकापुढे ठेवायला हरकत नाही.